झिनीच्या कण्या आणि मधला प्रोसेसर

बाबा, सगळं बदललं ते मुरबाडला, तहसील कचेरीसमोरच्या बाकड्यावर. तिथे टायपिंगचा गाळा काढणाऱ्या मुलीच्या हातात मी तिच्या नव्या कॉम्प्युटरच्या कोटेशनचा कागद दिला. तिने तो वरवर पाहिला, घडी घातली, माझ्याच शर्टाच्या खिशात परत खोचला आणि म्हणाली, "मला काय कळत नाय त्यातलं. तूच ठरव." एवढंच. आणि उठून गाळ्याला रंग देणाऱ्याशी भांडायला गेलीसुद्धा. मी तिथेच, खिशावर हात ठेवून. शहापूरला परत येताना एसटीतून मध्येच सरळगावला उतरलो. का उतरलो ते मला आजपर्यंत सांगता येत नाही. पुढच्या गाडीसाठी सव्वा तास उभा होतो, आणि त्या सव्वा तासात एवढंच कळलं की आता माझ्या हातून चूक होता कामा नये. कुठली चूक, ते नाही कळलं.

मोठ्या माणसांना पत्रात 'तुम्ही' लिहायचं असं शाळेत शिकवलं होतं. मघाशी एका कागदावर तसं लिहूनही पाहिलं, पण ते बँकेच्या मॅनेजरला लिहिल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून फाडलं. घरात मी तुला तूच म्हणायचो. तुला जाऊन नऊ वर्षं झाली म्हणून काय तू परका झालास? तर तूच. दुपारची लाइट गेलेली आहे, लोडशेडिंगचे तीन तास चाललेत, शहापूरच्या ज्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी काम करतो त्याचे मालक जेवायला घरी गेलेत, आणि मी मागच्या खोलीत टेबलाशी बसून कोटेशनच्या पॅडच्या मागच्या बाजूला लिहितोय. टेबलावर तिच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडं पडलंय. त्याच्या शेजारी प्रोसेसरचे दोन खोके. एक लावायचा, एक संध्याकाळी परत पाठवायचा. ती चार वाजता गाळ्यावर वाट बघणार आहे.

प्रोसेसर म्हणजे काय हे तुला सांगायला हवं. तू गेलास तेव्हा आपल्या धसईत कॉम्प्युटर कोणी बघितलेला नव्हता. तू चालवायचास त्या भाताच्या गिरणीत रबरी रोल जे काम करायचे ना, भात सोलायचं, ते काम कॉम्प्युटरमध्ये हा करतो. टाइप केलेलं, छापायचं, जोडायचं, सगळं याच्यामधून जातं. आकाराने बिस्किटाएवढा. तिच्या बजेटमध्ये तीन जातींचे बसत होते, म्हणजे ओढूनताणून. सगळ्यात स्वस्त तो एका कोअरचा, म्हणजे रोलची एकच जोडी. मधला दोन कोअरचा. आणि वरचा, तोही दोनच कोअरचा पण भारी, तो घेतला तर रॅम अर्धी करावी लागणार आणि यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर मशीन थोडा वेळ चालू ठेवणारी बॅटरी, विसरावा लागणार. तिन्ही एकाच बोर्डावर बसतात. दुसऱ्या कंपनीचाही एक होता. तो फार गरम होतो असं मला इथल्या पाच जणांनी सांगितलं, त्यांतल्या एकानेही त्याला कधी हात लावलेला नव्हता. तो मी यादीतून काढला.

मी वरचाच लावणार होतो. तिच्या गाळ्यात अख्ख्या मुरबाडमध्ये नसेल असं मशीन ठेवायचं. ती कोणाला तरी सांगेल, हे त्याने बसवून दिलं. रात्रंदिवस हेच डोक्यात. मालक मला कॉलेज म्हणतात, कारण मी ते सोडलं. म्हणाले, "काय रे कॉलेज, तांदूळ निवडतोस का प्रोसेसर? आठ दिवस झाले. स्वस्तातला लाव नि मोकळा हो."

"स्लो पडेल तिला."

"पडू दे की. दोन महिन्यांनी रॅम वाढवायला येईल, सहा महिन्यांनी प्रोसेसर बदलायला येईल. गिऱ्हाईक असंच जोडायचं असतं." मग माझ्याकडे बघून हसले. "तुला तर बरंच हाय की. येऊ दे ना सारखी."

मी चिडून म्हणालो, मला असलं काही सांगू नका. हातातला स्क्रू-ड्रायव्हर आपटला. मालक म्हणाले, "आपट, तुझ्याच पगारातून जाईल." माझा राग तुला माहीत आहे. पण खरं सांगू का, राग आला तो त्यांनी चुकीचं सांगितलं म्हणून नाही. ती गोष्ट मला आधीच सुचून गेली होती म्हणून.

कॉलेजचंही सांगून टाकतो, तुला ते कोणी सांगितलं नसेल. दुसऱ्या वर्षाला होतो. लॅबमध्ये आम्ही तीस जण आणि कॉम्प्युटर सहा, त्यांतले चार कायम प्लास्टिकच्या कव्हराखाली. एक दिवस मी एकाचं कव्हर काढलं आणि कॅबिनेट उघडलं. बघायला. जिचं हे मशीन ती माझ्याच वर्गात होती. दाराशी उभी राहून मला हळूच म्हणाली होती, "बंद कर गो बाई, बंद कर." घाबरली की मला सुद्धा गो बाई म्हणते. सरांनी पकडलं. ऑफिसात उभं केलं, आणि म्हणाले, उद्या वडिलांना घेऊन ये. मी म्हणालो, तुम्हीच बोलवा, येत असतील तर मलाही भेटायचंय. त्यांना वाटलं मी उलटून बोलतोय. मी दार असं आपटलं की काचेला तडा गेला, आणि परत त्या दारातून आत गेलो नाही. आयसला आठ दिवस सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बापूस असता तर..." आणि चुलीकडे वळली. तू असतास तर काय, ते तिने सांगितलं नाही. मी ते अजून शोधतोय.

मग मागच्या आठवड्यात मी पुन्हा मुरबाडला गेलो. गाळ्याला रंग लागला होता, मोरपंखी. तिच्या मामाचा गाळा आहे, कचेरीसमोर. ती सापगावची, रोज एसटीने येते. या वेळी तिने माझ्या खिशातला कागद स्वतःच ओढून काढला आणि ओळ न ओळ वाचला.

"हे काय रे? स्वस्ताच्यापुढं तीन लिवलंस आणि त्याच्याहून महागाच्यापुढं एक पॉइंट सहा. उलटं पडलं काय?"

"उलटं नाही. ते गिगाहर्ट्झ. स्वस्तवाला एकटाच भरभर पळतो. मधल्यात दोघं आहेत, सावकाश चालतात पण काम वाटून घेतात. समज, एक बाई जोरात कांडतेय, आणि इकडे दोघी मिळून कांडतायत."

"दोघी मिळून कांडल्या तर गप्पाच मारतील."

रंगवाला हसला. मीही हसलो, आणि पुढे काय सांगायचं ते विसरलो. ती मात्र हसता हसता गंभीर झाली. म्हणाली, "हे बघ, मला गाणी नाय पायजेत, गेम नाय पायजे. सिद्धगडच्या पायथ्याच्या वाडीवरनं माणूस येतो दाखल्याला. सकाळी चालत खाली उतरतो, मग एक गाडी पकडतो. परतीची दुपारी एकच. मी मागं ज्याच्याकडं टायपिंगला होते ना, तिथं अर्ज अर्धा झाला की लाइट जायची, मशीन अडकायची, सगळं पयल्यापासून. माणूस बिचारा बाहेर उकिडवा बसलेला. गाडी गेली की रात्री एसटी स्टँडवर झोपायचा. मला असं मशीन दे की तो गाडीच्या आधी मोकळा झाला पायजे. आणि मी पण."

"तू कशी मोकळी?"

तिने कागदाची घडी घातली. "रविवारी वाशिंदचे बघून गेले. अण्णा म्हणतात, जूनमधे दाखल्यांची गर्दी असते, त्यात गाळा चालवून दाखव, मग दोन वर्षं लग्नाचं नाव काढत नाय. नाय चालला तर वाशिंद."

अण्णा म्हणजे तिचे वडील. तिने हे मला का सांगितलं? बाबा, ज्या आवाजात तिने मॉनिटर पंधराचा की सतराचा विचारलं होतं, त्याच आवाजात हे सांगितलं. मी विचारलं, "मग मी काय करू?"

"तू प्रोसेसर ठरव रे," ती म्हणाली, आणि रंगवाल्याला म्हणाली, "काका, कोपरा राह्यला तो."

तेव्हापासून मला झोपताना, जेवताना तूच दिसतोस. ती दिसायला हवी, दिसतोस तू, डोक्यावर तूस पडलेला. मी विचार करतो प्रोसेसरचा आणि मला आठवते गिरणी. मालकांनी, म्हणजे गिरणीच्या मालकांनी, एका वर्षी मोठी मोटर आणली होती. सगळी धसई बघायला जमलेली. तू एकटाच म्हणत होतास, "मोटर मोठी झाली, पण चाळण तीच हाय. तांदूळ पुढं जाऊन बसणार कुठं?" तुझं कोणी ऐकलं नाही. मोटर सुरू झाली, पट्टा किंचाळला, आणि थोड्या वेळाने चाळणीशी तांदळाचा ढीग तुंबून जमिनीवर सांडायला लागला. लोक सुपं घेऊन धावले. तू हसला नाहीस. तू खाली बसून तांदूळ भरत होतास, दुसऱ्यांचे. हे आठवलं आणि वरचा प्रोसेसर त्याच दिवशी माझ्या यादीतून गेला. रॅम अर्धी करून वरचा लावायचा म्हणजे तेच. कोणाला दाखवायला?

राहिले दोन. आणि इथेच तू मला सोडत नाहीस.

मी नववीत आहे. होळी होऊन गेलीये, लग्नाचे दिवस जवळ आलेत, गिरणीच्या बाहेर पोत्यांची रांग लागलीये. तुझी पद्धत अशी की प्रत्येक पोत्यातले चार दाणे दाताखाली धरायचे, भात किती वाळलंय ते बघायचं, मग रोलमधली फट ठरवायची. पहिली मूठ सोलून निघाली की तळहातावर पसरून उजेडात धरायची. झिनीच्या भाताला फट वेगळी, कोलमला वेगळी. रांगेतले कटकट करायचे आणि तू कोणाला उत्तर द्यायचा नाहीस. त्या दिवशी तू पट्टा घसरू नये म्हणून लावायची राळ आणायला मागे गेलास आणि मला म्हणालास, बघ जरा. माझ्यासमोर वाडीवरची एक म्हातारी, डोक्यावरून झिनीचं पोतं आणलेलं, सकाळपासून बसलेली. मला वाटलं, आज मी दाखवतो. मी पान्ह्याने रोलचा नट अर्धा आटा आवळला. भात भराभरा जायला लागलं, आवाज बदलला, रांगेतला एक जण म्हणाला, "पोरगा बापापरास पुढं हाय." मला अजून ते वाक्य ऐकू येतं. तू राळ घेऊन आलास, आवाज ऐकलास, आणि धावत येऊन चाळणीखाली हात धरलास. तळहात बघितलास. मोटर बंद केलीस.

"नट कोणी आवळला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

म्हातारी उठून आली. तिने पोत्यात हात घातला आणि मूठ वर काढली. अर्ध्याहून जास्त कणी. ती ओरडली नाही, तेच वाईट. तुझ्याकडे बघून म्हणाली, "बाला, यातल्याच अक्षता करायच्या व्हत्या रे. तुटक्या तांदळाच्या अक्षता कशा टाकू लेकीवर?"

तू मला मारलं नाहीस. घरी गेलास, आपल्या कणगीतले झिनीचे तांदूळ काढलेस, आयसने निवडून ठेवलेले, अख्खे, आणि तिला भरून दिलेस. तिचं पोतं आपल्या घरी आलं. संध्याकाळी आयस चुलीपुढे बसून त्या पोत्याकडे बघत विचारते, "आनि आपन काय खायाचा?" तू म्हणतोस, "कण्या." मग दीड महिना आपण कण्याच खाल्ल्या. सकाळी कण्यांची पेज, रात्री कण्यांचा भात, तो हाताला चिकटायचा. तिसऱ्या दिवशी मी ताट पुढे ढकललं. म्हणालो, मी मुद्दाम केलं नव्हतं, रांग केवढी होती. तू घास चावत होतास. चावून झाल्यावर म्हणालास, "घाई तुला होती. भात तिचा होता." आणि परत जेवायला लागलास. त्यानंतर त्याबद्दल तू मला कधी एक शब्द बोलला नाहीस. पोतं संपलं त्या बाजारच्या दिवशी मुरबाडहून माझ्यासाठी एक टेस्टर आणलास, पिवळ्या दांड्याचा. म्हणालास, "हात घालायच्या आधी बघायचं." पुढच्या वर्षी तुझा खोकला वाढला आणि पावसाळ्यात तू गेलास. टेस्टर माझ्याकडे आहे. दांडा फुटलाय, त्याला चिकटपट्टी लावलीये. कॉलेजात ते कॅबिनेट मी त्यानेच उघडलं होतं.

आता तुला कळलं असेल मी का लिहितोय ते. मला अजूनही नीट कळलेलं नाही. एक हिशेब सरळ आहे. मधला लावला, रॅम पूर्ण दिली, यूपीएस जोडला, तर लाइट गेल्यावर अर्ज सेव्ह करून छापायलाही वेळ मिळेल, आणि हे मशीन चार-पाच वर्षं कोणाला हाक मारणार नाही. मला तर नाहीच. जून निघून जाईल, गाळा चालेल, अण्णा शब्दाचे पक्के असतील तर वाशिंद मागे पडेल. आणि मी? मी शहापूरला, ती मुरबाडला, मधे किन्हवली, सरळगाव, आणि माझ्या तिकडे जायला काही कारण नाही. स्वस्तवाला लावला तर मशीन अडकेल, ती चिडून फोन करेल, मी धावत जाईन, देवासारखा. महिन्यातून दोनदा तरी. तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसेन. पण जूनची गर्दी तोंडावर आणि मशीन अडकलेलं. बाहेर उकिडवा बसलेला माणूस, त्याची गाडी गेलेली. आणि मग वाशिंद. म्हणजे तिला भेटायला मिळावं म्हणून मी तिला घालवणार. हे मला आठ दिवसांत कळलं नाही, एवढा मी येडा आहे. कळल्यालाही दोन दिवस झाले आणि स्वस्तवाल्याचा खोका अजून टेबलावरच आहे, हे त्याहून वाईट.

तू आयसला कसं सांगितलंस रे? की सांगितलंच नाहीस, नुसतंच तिच्या हातचं जेवत राहिलास? मला वाटतं तू काहीतरी केलं असशील. कणी न होऊ देता तांदूळ आणून दिले असशील. आयसला विचारलं तर लाजते आणि म्हणते, जा, काम कर.

पेनचं टोपण लावून उठलो होतो, परत बसलो. स्वस्तवाल्याचा खोका परत पाठवायच्या पिशवीत टाकला, मधला बसवला. पिना न वाकवता बसला, पेस्ट दाण्याएवढीच लावली, पंखा दाबला तसे चारी कोपरे टक् टक् टक् टक् आवाज करून बसले. तिच्यासाठी वहीच्या पानावर लिहून ठेवलंय, लाइट गेल्यावर आधी काय करायचं, मग काय करायचं, सगळं मराठीत, म्हणजे मला विचारायची गरज पडू नये. लाइट यायच्या आधीच सगळं जोडून झालं. आता आली की विंडोज टाकायचं, तिचे मराठी फॉन्ट टाकायचे, आणि तीनची गाडी.

लाइट आली. मशीन पहिल्या फटक्यात सुरू झालं, बाबा. मी इतक्या वेळा प्रोसेसर बसवलेत, पण या वेळी आवाज ऐकत उभा राहिलो. आवाज एकसारखा, तुझी गिरणी नीट चालली की यायचा तसा. सगळं टाकून झालंय. मालक येऊन बघून गेले. म्हणाले, "मधला लावलास? जा मग, तुझं नशीब." कॅबिनेट खोक्यात ठेवून सुतळी बांधलीये.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? मदरबोर्डच्या रिकाम्या खोक्यात ठेवून देईन, माळ्यावर अशी पुष्कळ खोकी पडलीत. ठेवायच्या आधी एक सांगायचं राहिलंय. मागच्या पंख्याचा एक स्क्रू मी मुद्दाम ढिला ठेवला होता. नुकसान काही नाही. पंधरा-वीस दिवसांनी नुसता खडखड वाजला असता. एवढाच. ती म्हणाली असती, बघ रे काय वाजतंय. एवढं तर चालेल, असं मी स्वतःला सांगत होतो, सुतळीची गाठ मारेपर्यंत सांगत होतो.

आत्ता सुतळी सोडली. तुझ्या टेस्टरने स्क्रू आवळला, बेताने. गाठ परत मारली. ती बोलावेल का, आणि बोलावलं नाही तर मी काय करेन, यातलं मला काहीच माहीत नाही. तीनच्या गाडीचा हॉर्न वाजतोय. खोकं उचलतो, बाहेर पडतो, आणि दार ओढून घेतो. आपटत नाही.